थडगे नसलेली माणसे



माणगावच्या तहसील कचेरीसमोर एका तरुण सैनिकाचा पुतळा आहे. महामार्गावरून कोकणात उतरणाऱ्या शेकडो प्रवाशांपैकी फार थोड्यांना त्याचे नाव ठाऊक असते. नाईक यशवंत घाडगे, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, तिसरी पलटण. जन्म १६ नोव्हेंबर १९२१, माणगाव तालुक्यातील पळसगाव. मृत्यू १० जुलै १९४४, इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. मरणसमयी त्याला तेवीस वर्षेही पुरी झालेली नव्हती.

त्या दिवशी काय घडले याची अधिकृत हकीकत उपलब्ध आहे. घाडग्यांच्या हाताखालील तुकडी अगदी जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात सापडली व एकूण एक माणूस मेला वा जायबंदी झाला. मागे कोणीही उरलेले नाही हे माहीत असताना हा एकटा पुढे धावला. हातबाँब टाकून त्याने मशीनगन व ती चालविणारा निकामी केला, दुसऱ्याला गोळीने पाडले, आणि बंदुकीत काडतुसे भरण्यास सवड नाही असे पाहून ती नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. त्याच ठिकाणी लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून तो कोसळला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला आणि ते पदक त्याच्या विधवेच्या हाती ठेवण्यात आले.

येथपर्यंतची हकीकत पुतळ्याच्या वार्षिक कार्यक्रमात सांगितली जाते. सांगितली जात नाही ती गोष्ट अशी की या माणसाला थडगे नाही. इटलीतील कॅसिनो येथे ज्यांच्या कबरीचा ठावठिकाणा नाही अशा ४,००० हून अधिक सैनिकांचे स्मारक आहे. त्यावरील शिलांवर त्याचे नाव कोरलेले आहे. ब्रिटिश साम्राज्याने ज्याला आपला सर्वोच्च सन्मान दिला, त्याचे शरीर त्या साम्राज्याच्या दप्तराला सापडले नाही. जुलै २०२३ मध्ये पेरुजा प्रांतातील मोन्तोने या लहानशा गावाने त्याच्या नावाने एक छायायंत्र उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचे वचन त्यावर आहे. त्या प्रसंगी भारत सरकारने जे आकडे प्रसिद्ध केले त्यांनुसार इटलीच्या मोहिमेत ५०,००० हून अधिक भारतीय सैनिक लढले, त्यांपैकी ५,७८२ मेले, आणि त्या मोहिमेतील २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीयांना मिळाले.

पदक मिळालेल्याची ही स्थिती, तर न मिळालेल्यांची काय असेल? आजच्या विषयाचे मूळ या प्रश्नात आहे.

हा प्रश्न समाजवाद्यांना अवघड वाटतो, आणि तो अवघड आहेच. १० जुलै १९४४ या तारखेस जयप्रकाश नारायण व राममनोहर लोहिया तुरुंगात होते. हे युद्ध आमचे नाही, भारतीय जनतेला न विचारता तिला त्यात ओढले आहे, ही १९४२ ची भूमिका होती व ती योग्यच होती. परंतु त्या भूमिकेच्या आधारे पुढे एक सोयीस्कर विस्मरण पोसले गेले. गोऱ्यांच्या फौजेत गेलेला तो भाडोत्री, त्याचे मरण त्याच्या पगाराचा भाग, अशी ती समजूत. पोटासाठी गिरणीत गेलेल्या कोकण्याला कामगार म्हणावयाचे, आणि त्याचाच सख्खा भाऊ पोटासाठी पलटणीत गेला तर त्याला भाडोत्री म्हणावयाचे, हा न्याय कोणत्या समाजवादात बसतो?

कुलाबा जिल्ह्यातील माणूस पलटणीत का जात होता हे समजण्यास फार खोल जावे लागत नाही. एकपिकी भातशेती, वर खोताचा वाटा, त्यावर सावकाराचे व्याज. अलिबागनजीकच्या चरी येथील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून तब्बल सहा वर्षे जमिनी ओसाड ठेवून संप केला तो याच अन्यायाविरुद्ध. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा मात्र १९४९ साली झाला. तोवर घरटी एक मुलगा गिरणीत, एक बोटीवर आणि एक पलटणीत, अशी वाटणी दारिद्र्यानेच करून ठेवली होती. महाड-दासगावच्या अस्पृश्य वस्त्यांची कहाणी त्याहून कडवट आहे. ज्यांच्या वाडवडिलांनी कंपनीच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली, त्या महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडताच १९१७ मध्ये १११ क्रमांकाची महार पलटण उभारण्यात आली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडण्यात आली. १९२७ च्या महाड सत्याग्रहात पेन्शनर सैनिक पुढे होते, यात आश्चर्य नाही.

अशा पेचातून गेलेला दुसरा एक देश आहे. तो आयर्लंड.

तेथील स्लेन या गावी फ्रान्सिस लेडविज नावाचा कवी होऊन गेला. वडील लहानपणीच गेले, आईने दुसऱ्यांच्या शेतावर राबून मुले वाढविली. हा मुलगा रस्त्याच्या कामावर मजूर होता, तांब्याच्या खाणीत होता, कामगारांना संघटित करतो म्हणून खाणीतून काढला गेला, आणि पुढे कामगार संघाच्या स्थानिक शाखेचा चिटणीस झाला. मनाने तो पक्का आयरिश राष्ट्रवादी. तरीही ऑक्टोबर १९१४ मध्ये तो ब्रिटिश सैन्यात दाखल झाला. १९१६ च्या ईस्टर उठावाची बातमी त्याला त्याच गणवेशात कळली; त्या उठावात गोळ्या घालून मारलेल्या थॉमस मॅकडोना या कवीवर त्याने शोकगीत लिहिले. ३१ जुलै १९१७ रोजी बेल्जियममध्ये सैन्यासाठी फळ्यांचा रस्ता तयार करीत असताना तोफगोळा पडून तो मेला. हातात फावडे घेऊन जगलेला माणूस रस्त्याचे काम करतानाच मारला गेला. त्याची कबर मात्र तेथील आर्टिलरी वुड दफनभूमीत आहे, ओळीत, नावानिशी.

स्वतंत्र आयर्लंडला अशा माणसांचे काय करावे हे बराच काळ सुचले नाही. उठावात मेलेले ते हुतात्मे. फ्रान्स-बेल्जियममध्ये मेलेले, त्यांची संख्या कितीतरी अधिक असूनही, कुटुंबातल्या कुजबुजीचा विषय झाले. पदके कपाटाच्या तळाशी गेली. डब्लिनजवळ त्यांच्या स्मरणार्थ उभारलेले उद्यान दशकानुदशके दुर्लक्षित राहिले व १९८८ मध्ये रीतसर खुले झाले. लेडविजचे घर १९८२ मध्ये संग्रहालय झाले आणि तो पडला त्या जागी १९९८ मध्ये स्मारक झाले. तेव्हापासून नातवंडे-पतवंडे हाती जुनी पत्रे घेऊन आपापल्या माणसाची कबर शोधू लागली.

त्याच आयर्लंडने दुसऱ्या बाजूचाही हिशेब ठेवला, आणि त्याचा संबंध भारताशी आहे. मायभूमीत ब्रिटिश फौजा करीत असलेल्या अत्याचारांच्या बातम्या ऐकून कनॉट रेंजर्स या आयरिश पलटणीतील सैनिकांनी जून १९२० मध्ये जालंदर व सोलन येथे शस्त्रे खाली ठेवली. जेम्स डॅली या कोवळ्या सैनिकाला २ नोव्हेंबर १९२० रोजी दगशाई येथे गोळ्या घालण्यात आल्या. सोलनला दारूगोळ्याच्या कोठारापाशी दोघे मारले गेले. पुढे १९३६ मध्ये आयरिश संसदेने या बंडवाल्यांसाठी निवृत्तिवेतनाचा कायदा केला, आणि १९७० मध्ये या तिघांचे अवशेष हिमालयाच्या पायथ्यापासून आयर्लंडला नेऊन सन्मानाने पुरले. याच्या शेजारी एक भारतीय वस्तुस्थिती ठेवून पाहावी. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबई बंदरात ज्या नौसैनिकांनी बंड केले, त्यांतील बडतर्फ झालेल्यांना स्वतंत्र भारताच्या नौदलाने परत घेतले नाही.

आता स्मारकांकडे वळू. राष्ट्रकुल युद्धकबर आयोग १९१७ मध्ये स्थापन झाला तो एका अत्यंत उदात्त तत्त्वावर: मृत्यूपुढे हुद्दा नाही, सरदार आणि शिपाई यांना एकाच मापाचा दगड. पुण्याजवळ खडकीला या तत्त्वाचे दर्शन घडते. दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ कबरी तेथे आहेत, दगड सारखे, हिरवळ कापलेली. मुंबईच्या शिवडी दफनभूमीतील पहिल्या महायुद्धाच्या वेळच्या ६२९ सैनिकांचे अवशेष १९६२ मध्ये तेथे आणून पुरण्यात आले व त्यांची नावे कोरण्यात आली. डब्लिनच्या वा लंडनच्या एखाद्या कुटुंबाला भारतात मेलेल्या आपल्या पूर्वजाचे नाव येथे बोटाने दाखविता येते.

याच्या उलट बसरा. पहिल्या महायुद्धात पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात उतरली. तिच्यात १०३ व ११० क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. कूत-अल-अमाराचा वेढा, उपासमार, २९ एप्रिल १९१६ ची शरणागती आणि त्यानंतरची वाळवंटातील पायपीट यांत कोकणच्या व देशावरच्या किती घरांचे दिवे विझले याची गणती गावोगावच्या म्हाताऱ्यांनी आपल्या परीने ठेवली होती. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिशांची नावे आहेत, हिंदी अंमलदारांची नावे आहेत, आणि साध्या हिंदी शिपायांचा आकडा आहे. सुमारे ३३,००० माणसे, पलटणवार बेरीज करून. फ्रान्समध्ये न्यू शापेल येथे मेलेल्या हिंदी शिपायांची नावे आहेत, कारण ते स्मारक युरोपच्या डोळ्यांसमोर उभे राहणार होते. जेथे गोरा प्रेक्षक येण्याचा संभव नव्हता तेथे समतेचे तत्त्व खर्चिक ठरले. सद्दाम हुसेनच्या आदेशाने १९९७ मध्ये ते स्मारकच मूळ जागेवरून हलवून वाळवंटात नेले गेले. नावाविना जे होते ते जागेविनाही झाले.

हा आरोप आता केवळ साम्राज्यविरोधकांचा राहिलेला नाही. आयोगाने स्वतः नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल दिला. पहिल्या महायुद्धातील ४५,००० ते ५४,००० आशियाई व आफ्रिकी मृतांचे स्मरण असमान रीतीने केले गेले, आणखी किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत माणसे नावानिशी वा मुळीच स्मरली गेली नाहीत, आणि यामागे वंशभेदाची दृष्टी होती, असे तो अहवाल सांगतो. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत क्षमा मागितली. क्षमा मागण्यास शंभर वर्षे लागली, ती मिळण्यास पात्र असलेली एकही विधवा तोवर जिवंत नव्हती.

सैनिकांचे निदान आकडे तरी आहेत. रायगडच्या किनाऱ्यावर त्याहून मोठी उपेक्षा झाली आहे ती खलाशांची. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, खाली बाणकोट, हर्णे, दाभोळ या पट्ट्यातील कोकणी मुसलमान, खारवी व इतर समाजांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सारंग, टंडेल, सुकाणी, खलाशी म्हणून जात असत. मुंबईत घाट-सारंगाचे हात ओले केल्याविना बोट मिळत नसे. पगार ब्रिटिश खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा. १९३९ साली युद्ध सुरू होताच ब्रिटिश बंदरांतील हिंदी खलाशांनी संप केले, शेकडो तुरुंगात गेले, तेव्हा कोठे पगार वाढला. यात नोकरी जाण्याच्या भीतीपेक्षाही मोठे धैर्य होते, कारण जर्मन पाणबुड्यांच्या समुद्रात बिनहत्याराने जाणारे हेच लोक होते.

मुंबईत मशीद बंदराजवळ इंडियन सेलर्स होम आहे. शेजारच्या रस्त्याला नाव आहे पी. डी'मेलो यांचे, ज्यांनी गोदी कामगार उभा केला आणि ज्यांच्यानंतर ती धुरा जॉर्ज फर्नांडिस यांनी उचलली. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी त्या रस्त्यावरून असंख्य मोर्चे नेले असतील. होमच्या आत काय आहे हे मात्र फारसे कोणी पाहिलेले नाही. पहिल्या महायुद्धात समुद्रावाचून दुसरी कबर न मिळालेल्या २,००० हून अधिक खलाशांचे स्मारक तेथे आहे, आणि दुसऱ्या महायुद्धातील ६,००० हून अधिक खलाशी-नौसैनिकांच्या नावांचा ग्रंथ आहे. त्याची दुसरी प्रत चितगावला आहे, कारण इंजिनखान्यातील कित्येक आगवाले तिकडचे होते. फाळणीने देश वाटला, मेलेल्यांची यादी तेवढी एक राहिली.

घरी काय होत असे? मनिऑर्डर बंद पडत असे. कोकणातील खेड्यात मरणाची पहिली खबर पुष्कळदा हीच असे, तार वा खलिता मागाहून. हिंदू घरांत पळसाच्या पानांचा पुरुष करून पालाशविधी केला जाई. कोकणी मुसलमान शाफी पंथाचे. त्यांच्यात प्रेत समोर नसताना जनाजाची नमाज पढता येते, ती जुम्म्याला गावच्या मशिदीत पढली जाई. दोन्ही धर्मांनी प्रेताविना निरोप देण्याची तजवीज करून ठेवली होती, राज्यकर्त्यांनी मात्र कागदावरील नावाचीही केली नाही. पहिल्या महायुद्धानंतर गावोगाव सरकारने संगमरवरी पाट्या लावल्या. या गावातून इतके गेले, पैकी इतके मेले, असे त्यांवर इंग्रजीत लिहिलेले असते. चावडीच्या वा शाळेच्या भिंतीत त्या अजून सापडतात. नाव एकही नाही.

ही नावे शोधता येतात. आयोगाच्या मृतनोंदी आता संगणकावर सर्वांस खुल्या आहेत, आणि बसऱ्याच्या दगडावर जे नाव नाही ते त्या नोंदींत पुष्कळदा मिळते, पित्याचे नाव, गाव, तालुका यांसह. अडचण येते ती दोन ठिकाणी. पहिली भूगोलाची. रायगड जिल्हा हे नाव १९८१ चे. नोंदींत शोधावयाचे ते कुलाबा. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड हे तर १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होते, त्यामुळे तेथील माणूस कुलाब्यातही सापडत नाही. दुसरी अडचण नावाची. मोरे, जाधव, सावंत, महाडिक ही आडनावे एका पलटणीत डझनांनी असत, आणि इंग्रज कारकुनाने कानावर पडेल तसे लिहिलेले गावाचे नाव ओळखण्यास त्या भागात पायी हिंडलेला माणूस लागतो. खलाशांच्या नोंदींत तर आडनावच बहुधा नसते; स्वतःचे नाव व बापाचे नाव एवढेच.

म्हणून शोध तलाठ्याच्या दप्तरातून सुरू झाला पाहिजे. माणूस परदेशी मेला तरी त्याच्या नावची दोन गुंठे जमीन गावातच राहिली, आणि तिला वारस लावण्यासाठी फेरफार झाला. गाव नमुना ६ मधील त्या नोंदीत मयताचे नाव, मृत्यूचे साल आणि वारसांची नावे असतात. कुळ म्हणून राबणाऱ्याची अशी नोंद मिळणार नाही. त्याच्यासाठी शाळेचे जुने रजिस्टर, देवस्थानची वा जमातीची वही, पेन्शनचा कागद आणि अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे दप्तर पाहावे लागेल. मुंबईतील गावकऱ्यांच्या खोल्यांत, जेथे बोटीवर जाणारे व गिरणीत जाणारे एकत्र राहत, तेथील वर्गणीच्या वह्या कोणी जपल्या असतील तर त्या सोन्याच्या मोलाच्या आहेत. आणि या साऱ्यांआधी, घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीला विचारावे. कोणाची मनिऑर्डर केव्हा बंद झाली हे पुरुषांपेक्षा तिला अधिक नेमके ठाऊक असते.

हे काम सरकारवर सोपवून चालणार नाही. सरकार पुतळा उभारील आणि वर्षातून एकदा हार घालील. सैनिकी परंपरेचा अभिमान सांगणाऱ्या संघटनाही ते करणार नाहीत, कारण त्यांना पराक्रमाची कथा हवी असते; वेढ्यात घोड्याचे मांस नाकारून उपासाने मेलेला शिपाई, किंवा इंजिनखान्यात कोंडून बुडालेला आगवाला त्यांच्या कथेत बसत नाही. गावात जाणारा, सातबारा वाचता येणारा, हिंदू आळीत आणि मोहल्ल्यात सारख्याच सहजतेने बसणारा कार्यकर्ता हे करू शकतो. माणगाव, महाड, म्हसळा, श्रीवर्धन आणि मुरूड या पाच तालुक्यांत प्रत्येकी दोन कार्यकर्त्यांनी एक पावसाळा, म्हणजे जेव्हा सभा-मोर्चे नसतात तो काळ, या कामाला दिला तर गावनिहाय यादी उभी राहील. तिची एक प्रत ग्रामपंचायतीकडे द्यावी आणि संगमरवरी पाटी असेल तेथे तिच्या खाली मराठीत नावे लिहावीत. श्रीवर्धन आणि म्हसळ्याच्या याद्यांतील खलाशांची नावे मशीद बंदरच्या ग्रंथाशी ताडून पाहावीत. नाव गळलेले वा चुकलेले असल्यास कबर आयोग पुराव्याची छाननी करून दुरुस्ती करतो. त्यासाठी फेरफाराचा खरा नकलेचा उतारा, त्याचे भाषांतर आणि वारसाचा अर्ज एवढे कागद जोडून पाठवावेत.